गळ्याचा पट्टा: घ्यायचा कोणता, आणि काढायचा कधी

मागून गाडी आदळली, एसटीनं कचकन ब्रेक दाबला, स्पीडब्रेकरवर मागच्या सीटवरचा माणूस उडून आपटला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मान धरते. मग घरातलं कोणीतरी मेडिकलमध्ये जाऊन ‘मोठ्या माणसाचा पट्टा द्या’ म्हणतं. माप कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. तो पट्टा पुढचे दोन महिने गळ्यात राहतो आणि मान काही सुटत नाही. दोष पट्ट्याचा नसतो. त्याच्याकडून जे काम मागितलं जातं, ते त्याचं नसतंच.

हे परीक्षण फोमच्या मऊ पट्ट्याचं, म्हणजे सॉफ्ट कॉलरचं. दुकानात त्याच फळीवर शेकायची पिशवी, जेल पॅक, सर्व्हायकल उशी, मसाज गन असा बाकीचा संसारही मांडलेला असतो, त्याबद्दलही जाता जाता.

आधी मानेत काय बिघडलंय ते बघू, कारण पट्ट्याची किंमत त्यावरच ठरते. मागून धडक बसते तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते, पण साडेचार-पाच किलोचं डोकं जागच्या जागी राहतं. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी होते: खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. स्नायू आवळून मान सावरायला जेवढा वेळ लागतो, तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं. मणक्यांच्या मागच्या बाजूला डावी-उजवीकडे जे छोटे सांधे असतात, त्यांच्या आवरणाला ताण बसतो, आजूबाजूचे स्नायू आणि बंध (लिगामेंट) दुखावतात. सूज आणि आखडलेपण काही तासांनी जाणवायला लागतं. म्हणून अपघाताच्या जागी ‘मला काही झालं नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी मानेऐवजी अख्खं अंग वळवून बघतो. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात.

१९९५ साली कॅनडातल्या क्यूबेकच्या अभ्यासगटानं या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या, त्या अजून वापरात आहेत. पहिल्या पायरीत नुसतं दुखणं आणि आखडणं. दुसरीत तपासताना मान कमी वळते आणि ठरावीक जागी दाबलं की कळ येते. तिसरीत हाताची ताकद, संवेदना किंवा रिफ्लेक्स (ठोकल्यावर आपोआप येणारा झटका) कमी झालेले असतात. चौथीत हाड मोडलेलं किंवा सरकलेलं असतं. मऊ पट्टा पहिल्या दोन पायऱ्यांपुरता आहे. तिसरी-चौथी असेल तर मेडिकलवाल्याच्या काउंटरवर एक मिनिटही घालवू नये.

ती ओळखायची कशी? वय ६५ किंवा त्याहून जास्त, हातापायांत मुंग्या, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, गाडी उलटणं, गाडीबाहेर फेकलं जाणं, डोक्यावर सरळ आपटणं (विहिरीत सूर मारला आणि तळ लागला, हे आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण), यांपैकी काहीही असेल तर आधी फोटो (एक्स-रे) काढायचा, हे कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. यातलं काही नसलं, तरी मान दोन्ही बाजूंना ४५ अंश स्वतःहून वळत नसेल तरीही फोटो. दुचाकीवरून फेकलं जाणं आपण या यादीत धरावंच. शर्टाचं बटण लावता न येणं, चालताना झोकांड्या, लघवीवर ताबा न राहणं ही मज्जारज्जूवर दाब आल्याची खूण आहे. मान दुखतेय आणि सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी असेल तर मानेतली रक्तवाहिनी फाटल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी पट्टा घालून रिक्षानं जायचं नाही. माणसाला हलवू नका, १०८ ला फोन करा.

हे सगळं नसेल, तर आता पट्टा.

मऊ पट्टा मान ‘फिक्स’ करतो असा समज आहे. करत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत प्रत्यक्ष मोजून बघितलं तेव्हा मऊ पट्ट्यानं मान पुढे-मागे वाकवण्याची हालचाल साधारण पाव हिश्श्यानं कमी झाली, वळवण्याची त्याहून कमी, आणि कडेला झुकणं तर जवळपास होतं तसंच राहिलं. दोन तुकड्यांचा फिलाडेल्फिया पट्टा हीच पुढे-मागे हालचाल सत्तर टक्क्यांच्या आसपास रोखतो. मग मऊ पट्ट्याचा उपयोग काय? तो हनुवटीखाली टेकू देतो, त्यामुळे डोक्याचं थोडं ओझं उतरतं. मानगुटीला ऊब देतो. आणि ‘सावकाश वळ’ याची आठवण करून देतो, बऱ्याचदा शेजारच्यांनाही. एवढ्यासाठी दोनशे ते चारशे रुपये ठीक आहेत.

‘कडक जास्त चांगला’ असं समजून प्लॅस्टिकचा हार्ड कॉलर मात्र आपल्या मनानं आणू नका. तो मोडलेल्या हाडासाठी, शस्त्रक्रियेनंतरसाठी आहे. नीट बसला नाही तर हनुवटीखाली, कानामागे आणि कवटीच्या मागच्या उंचवट्यावर कातडी सोलते.

टायनर, विस्को, फ्लेमिंगो या नेहमीच्या कंपन्यांचे पट्टे बहुतेक दुकानांत असतात. पण मऊ पट्टा म्हणजे शेवटी कापडात शिवलेला फोमचा तुकडा. कंपनीपेक्षा माप बघा. शिवणकामाची टेप घ्या आणि मानेच्या मध्यावर, गळ्याच्या घाटीच्या जरा खाली, घेर मोजा. पाकिटावरचं स्मॉल-मीडियम-लार्ज याच मापावर असतं, आणि कंपनीगणिक आकडे बदलतात, म्हणून ‘मला मीडियम लागतो’ हे शर्टाचं गणित इथे लावू नका. दुसरं माप बहुतेक कोणी घेतच नाही, आणि खरी गडबड तिथेच होते: उंची. सरळ समोर बघा. हनुवटीच्या खालच्या कडेपासून छातीच्या हाडाच्या वर जो खळगा असतो तिथपर्यंत मोजा. पट्टा त्या अंतरात बसला पाहिजे, त्याला ढकलून नाही.

उंच पट्टा घातला की हनुवटी वर जाते आणि मान मागे वाकते. मागचे ते छोटे सांधे, जे आधीच दुखावलेत, ते त्यामुळे आणखी दाबले जातात. ‘पट्टा घातल्यापासून जास्तच दुखतंय’ असं ज्यांचं म्हणणं असतं, त्यांच्याकडे आधी आरशात बाजूनं बघावं. हनुवटी आकाशाकडे दिसली तर कारण सापडलं. बुटका पट्टा घेतला तर डोकं पुढे कलतं आणि वरची कड घशात रुतते. उंच आणि बुटका यांत निवडायची वेळ आलीच तर बुटका परवडला, पण खरं म्हणजे दुसऱ्या दुकानात जा.

घालताना: आरशासमोर बसा, खांदे सैल. बऱ्याच पट्ट्यांना एका कडेला मधोमध हलका खोलगट भाग असतो, तो हनुवटीखाली वर येतो. तो खाली करून घालणारे फार. मधला भाग पुढे धरून हनुवटी त्यात टेकवा, मग दोन्ही टोकं मागे नेऊन वेल्क्रो मानगुटीवर लावा. लांब केस असतील तर आधी वर बांधा, नाहीतर वेल्क्रो केसच धरतं, आणि साडीचा पदर असला तर पदरही. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत. शेवटी एक घोट पाणी पिऊन बघा. घोट उतरताना अडला तर सैल करा.

दुकानातच दोन गोष्टी हातानं तपासा. अंगठ्यानं फोम दाबा आणि सोडा. खड्डा लगेच भरला पाहिजे, नाहीतर आठवड्यात तिथे घडी पडते. आणि वरचं कापड सुती बनियनसारखं विणलेलं आहे का बघा. गुळगुळीत नायलॉन मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन दिवसांत घामोळं आणतं. कव्हर काढून धुता येत असेल तर उत्तम. नसेल तर अख्खा पट्टा कोमट पाण्यात साध्या साबणानं हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात फोम आतून वाळायला दीड-दोन दिवस घेतो. ओला घातला तर कुबट वास आणि खाज ठरलेली. पाकीट उघडलेला पट्टा बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, ते योग्यच आहे, तेव्हा घरून मापं लिहून न्या.

आता मुख्य मुद्दा, जो पाकिटावर कधीच छापलेला नसतो: किती दिवस. दुखणं तीव्र असताना पहिले दोन-तीन दिवस, तेही एका वेळी अर्धा-पाऊण तास. धक्के बसणारा प्रवास टळत नसेल तर त्या प्रवासापुरता. त्यानंतर दर दिवशी वेळ निम्मा करत आणा, आणि आठवडा संपायच्या आत पट्टा कपाटात जायला हवा. झोपताना काढा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तेवढा अपवाद. पट्टा घालून गाडी चालवू नका. आरसे दिसत नाहीत, खांद्यावरून मागे बघता येत नाही. दुचाकीचा तर प्रश्नच नाही: पट्ट्यावर हेल्मेटचा पट्टा नीट बसत नाही आणि हेल्मेटचं किलोभर वजन वर मानेवरच.

पट्टा लांबला की काय होतं? सांधे आखडतात. मानेच्या पुढच्या बाजूला, अगदी मणक्यांना लागून जे खोलवरचे स्नायू असतात, ते काम सोडून बसतात आणि वरवरचे स्नायू त्यांचं काम ओढून दमतात. आणि मनात एक भीती घर करते की मान हलवली तर काहीतरी तुटेल. ही भीती पट्ट्यापेक्षा जड असते. नॉर्वेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला नेहमीसारखे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं, दुसऱ्याला १४ दिवस रजा आणि मऊ पट्टा दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची अवस्था बरी होती. पट्ट्याला अगदी खलनायक करायलाही नको: डेन्मार्कमध्ये २००७ साली दोन आठवडे कडक पट्टा, नेहमीचं वागणं आणि व्यायाम अशी तुलना झाली, तेव्हा वर्षभरानंतर तिन्हींत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे पट्ट्यानं फार बिघडतं असं नाही, पण त्यानं बरं वाटतं म्हणावं तर तेही दिसत नाही. कमाई शून्य असेल तर गैरसोय कशाला सोसायची?

पट्ट्याचा खरा प्रतिस्पर्धी फुकट आहे. जागे असताना दर तासाला मान डावीकडे दहा वेळा, उजवीकडे दहा वेळा, सावकाश वळवायची. दुखायला लागतं तिथपर्यंत जायचं, त्याला ओलांडायचं नाही. स्वीडनमध्ये नेमका हाच कार्यक्रम अपघातानंतर पहिल्या चार दिवसांतच सुरू करून बघितला, आणि लवकर सुरू करणाऱ्यांना फायदा झाला. बसून वळवणं जड जात असेल तर उताणं झोपून करा. डोक्याचं वजन उशीवर पडतं आणि मान नुसती लोळवायची राहते.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुसरा व्यायाम. उताणं झोपा, गुडघे वाकवून, मानेखाली टॉवेलची पातळ घडी. डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना मान जेवढी हलते तेवढीच हलवा, हनुवटी गळ्याकडे जराशी. दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, असं दहा वेळा. करताना दोन बोटं गळ्याच्या कडेला ठेवा. तिथला दोरीसारखा स्नायू टणक झाला तर तुम्ही जास्त जोर लावताय, निम्मा करा. हा व्यायाम दिसायला इतका फालतू आहे की लोक दोन दिवसांत सोडतात. त्याच खोल स्नायूंना पुन्हा कामावर लावायचा तोच मार्ग आहे. जोडीला खांद्याचे फरे मागे-खाली ओढून पाच सेकंद धरणं, दहा वेळा. व्यायामानं दुखणं थोडं वाढलं आणि अर्ध्या तासात उतरलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं तर आकडे निम्मे करा, बंद करू नका.

फळीवरच्या बाकीच्या वस्तू. शेकायची रबरी पिशवी घेण्यासारखी आहे. दोन-तृतीयांश भरा, झाकण लावण्याआधी दाबून आतली हवा काढा, उकळतं पाणी घालू नका, टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. गार की गरम यावर घराघरांत वाद होतात. पहिल्या दोन दिवसांत गार बरं वाटलं तर गार, नाही तर गरम. मधुमेहानं संवेदना कमी झाल्या असतील तर हातानं तापमान बघण्यावर विसंबू नका, घरातल्या दुसऱ्याला बघायला सांगा. दुखण्याचा स्प्रे वास चांगला देतो. सर्व्हायकल उशी पहिल्या तीन आठवड्यांत विकत घेऊ नका, कारण तेव्हा कुठल्याच उशीवर बरं वाटत नाही आणि दीड हजाराची उशी माळ्यावर जाते. त्याऐवजी नेहमीच्या उशीच्या अभ्र्यात, मानेच्या बाजूला, हात पुसायच्या टॉवेलची गुंडाळी सरकवून बघा. कुशीवर झोपणाऱ्यांनी कान आणि गादी यांतलं अंतर भरेल एवढी उंची धरावी.

मसाज गन दुखापतीच्या मानेवर नको, गळ्याच्या पुढे आणि कडेला तर कधीच नको, तिथून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जाते. दाराला अडकवायचं ट्रॅक्शन, ज्यात पाण्याच्या पिशवीच्या वजनानं मान ताणतात, तेही तपासणी न करता नको. आणि सलूनमध्ये दाढीनंतर कटकन मान मोडून देतात, ते तर हिसक्यानंतर मुळीच नको. हिसका बसलेल्या मानेला आणखी एक हिसका, एवढाच त्याचा अर्थ.

औषधांत पॅरासिटामॉल पहिलं. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या पोटभर जेवल्यावर, थोडे दिवस, आणि मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. ‘मसल रिलॅक्संट’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच जोडगोळ्यांत थायोकोल्चिकोसाइड असतं. युरोपच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये ते तोंडावाटे जास्तीत जास्त सात दिवस आणि गरोदरपणात वर्ज्य अशी मर्यादा घातली. गोळ्यांची पट्टी संपली की तीच पुन्हा आणायची सवय इथे महागात पडते.

पुढचा खर्च एमआरआयचा. जपानमध्ये १,२११ माणसांच्या मानेचा एमआरआय काढला, ज्यांना काहीही त्रास नव्हता. त्यांच्यापैकी ८७ टक्क्यांहून जास्त जणांत मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. तेव्हा रिपोर्टातलं ‘डिस्क बल्ज’ अपघातानंच आलं असेल असं नाही. एक्स-रेवर ‘मणक्यांचा बाक सरळ झालाय’ असं लिहिलेलं असतं, तेही निरोगी मानांत सर्रास दिसतं. हातात कळ, मुंग्या, ताकद कमी असेल तर मात्र एमआरआय टाळू नये.

आठ-दहा दिवसांत मान निम्मी तरी सुटली नाही, तर फिजिओथेरपीला जा, आणि तिथेही वस्तू पारखतो तसं पारखा. पहिल्या दिवशी मान किती अंश वळते ते मोजलं का? हाताची ताकद आणि रिफ्लेक्स बघितले का? घरी करायचे व्यायाम स्वतः करवून घेतले का? हे होत नसेल आणि रोज वीस मिनिटं शेक, आयएफटीचे (विजेच्या हलक्या झिणझिण्या देणाऱ्या मशीनचे) पॅड आणि ‘उद्या या’ एवढंच असेल, तर दहा बैठकांचं पॅकेज घेऊ नका. मशीननं तात्पुरतं बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही, पण ते पट्ट्याचंच महाग भावंड आहे. राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, भिंतीवर नसेल तर तोंडी विचारा.

पट्ट्याला पाचपैकी तीन: माप जमलं आणि आठवड्यात काढला तर. महिनाभर घातला तर एक.

गाडी पुन्हा हातात घ्यायची ती दोन्ही खांद्यांवरून मागे बघता येईल तेव्हाच. आणि त्या दिवशी सीटच्या मागची ती उशी बघा, जिला आपण हेडरेस्ट म्हणतो आणि मानेखाली ओढून घेतो. ती विश्रांतीसाठी नाही, डोकं मागे जाऊ नये म्हणून आहे. वरची कड डोक्याच्या वरच्या कडेच्या बरोबरीनं आणा, निदान कानाच्या वर तरी, आणि डोकं व उशी यांत चार बोटांहून जास्त फट ठेवू नका. मागच्या सीटवर बसणाऱ्यांसाठीही वर ओढून ठेवा, ती बहुतेक गाड्यांत शोरूममधून आली तशी खालीच दाबलेली असते.